भोंग्यातलं फडकं

पप्पा,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नव्हे. तुमचा जावई गेला, तुमची नात नर्सिंग शिकायला लागली, मी टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला आले, कंपनीत सेफ्टी ऑफिसर झाले आणि लोक मला मॅडम म्हणायला लागले. हे सगळं तुम्हाला तिकडे कळत असेल असं मम्मी शेवटपर्यंत म्हणायची, म्हणून मी निवांत होते. पण कालपासून वाटतंय, तुम्हाला खरंच सगळं कळत असेल तर माझी काही धडगत नाही. आज रविवार. चर्चहून आले, जेवले, भांडी घासली, आता दुपारचे दोन वाजलेत. उद्या सकाळी सात वाजता आमच्या कंपनीतली सगळ्यात मोठी टाकी, रिअ‍ॅक्टर म्हणतात तिला, महिन्याभराच्या दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू होणार आहे. ती सुरू करायला हरकत नाही, असं लिहिलेल्या कागदावर माझी सही आहे.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतली आपली खोली आठवतेय सारखी. दारासमोरचा नाला एक दिवस हिरवा वाहायचा, एक दिवस गुलाबी. उद्या कोणता रंग येणार यावर आम्ही मुलं पैज लावायचो. मम्मी नुसत्या वासावरून सांगायची, आज कोणत्या कंपनीने काय सोडलंय. डोळे चुरचुरायला लागले की सगळ्या चाळीतल्या खिडक्या एकामागून एक बंद व्हायच्या आणि आत तेवढ्याच उकाड्यात पोळ्या चालू राहायच्या. कुणाला त्यात विशेष वाटायचं नाही. तुम्ही मात्र जेवताना मध्येच हात थांबवून ऐकत बसायचात. मी विचारलं तर म्हणायचात, "बॉयलरचा आवाज ऐकतोय गं. तो एकसारखा येतोय तोवर जेवायचं." सुट्टीच्या दिवशीसुद्धा तुमचा एक कान कंपनीतच असायचा. आता मलाही तीच खोड लागली आहे. मघापासून पंख्याची घरघर ऐकत बसले आहे.

मी दहा वर्षांची. तुमची दुपारची पाळी, आणि डबा घरी विसरून गेलेले तुम्ही. मम्मीने मला डबा देऊन पिटाळलं. वॉचमन ओळखीचा, त्याने आत सोडलं. बॉयलर हाऊसच्या दारात मी उभी आहे, आत इतकं गरम की तोंडावर ओला टॉवेल टाकल्यासारखं वाटतंय. भिंतीवर तो भोंगा, पितळी तोंडाचा. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की तो वाजायचा. म्हणजे वाजायला हवा होता. त्याचा आतला पाण्यावर तरंगणारा गोळा अडकायचा आणि पाणी पुरेसं असलं तरी तो दर तासाला बोंब मारायचा. दुरुस्त करा म्हणून तुम्ही दहादा सांगितलेलं, आणि वरचे दहादा उद्या करू म्हणालेले. त्या दिवशी त्याच्या तोंडात एक फडकं कोंबलेलं होतं, निळं, पांढऱ्या फुलांचं. मम्मीची जुनी साडी होती ती. तिच्या निम्म्या कापडाची माझी गोधडी झाली होती, त्यामुळे मला ओळखायला एक क्षणही लागला नाही. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही डबा घेतलात आणि म्हणालात, "जा, सरळ घरी जा."

त्याच आठवड्यात ते झालं. बॉयलरमधलं पाणी उतरत गेलं आणि भोंगा वाजला तो कुणाला ऐकू आला नाही. तुमच्या हाताखाली काम करणारे एक काका पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायला वाकले आणि नेमकी तेव्हाच ती फुटली. वाफेने त्यांचा उजवा हात आणि मान भाजली. तुम्ही धावत जाऊन आधी आग बंद केलीत. घाबरून पाणी सोडलं नाहीत. तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं असतं तर अर्धी कंपनी उडाली असती, हे मला पुढे अभ्यासात कळलं. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. कंपनीने तुमच्या गळ्यात हार घातला.

शुक्रवारी प्रार्थना सभा आपल्याच घरी होती. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पेटी, डफ, झांजा, जोरात गाणी. मग पाळकसाहेब म्हणाले, कुणाला साक्ष द्यायची आहे? तुम्ही उठलात. देवाने माझ्या हातून त्या दिवशी बाराजणांना वाचवलं, असं म्हणालात, आणि तुमचा आवाज भरून आला. भाजलेल्या काकांची बायको पुढे बसली होती. ती रडत होती आणि रडता रडता तुमच्यासाठी देवाचे आभार मानत होती. मी मम्मीच्या मांडीला टेकून बसले होते. सगळे गेल्यावर स्वयंपाकाच्या ओट्यापाशी तुम्ही पाणी पीत होतात तेव्हा मी विचारलं, "पप्पा, भोंग्यात फडकं तुम्हीच कोंबलेलं ना? मम्मीच्या साडीचं?" मम्मीने फाडकन माझ्या मुस्काटात मारली. तिने मला आयुष्यात मारलेली ती एकच. तांब्या हातात तसाच धरून उभे राहिलात. त्याची मला त्या थपडेपेक्षा जास्त भीती वाटली.

आठवडाभर तुम्ही जेवला नाहीत धड. मम्मी तुमच्यावर लक्ष ठेवून होती, जणू तुम्ही कुठे पळून जाणार होतात. पुढच्या शुक्रवारची सभा काकांच्या घरी होती. ते खाटेवर निजलेले, हाताला बँडेज, मान कापसाने झाकलेली, खोलीत मलमाचा वास. गाणी झाली. साक्षीची वेळ आली आणि तुम्ही उठलात तेव्हा मम्मीने तुमच्या शर्टाचं टोक धरलं. मी बघितलं ते. तुम्ही तिचा हात सोडवलात, अगदी हळू, आणि पाळकांकडे नाही, मंडळीकडे नाही, त्या काकूंकडे बघून बोललात. "बाई, गेल्या शुक्रवारी मी अर्धंच सांगितलं. भोंगा मी बंद केला होता. वाजून वाजून डोकं उठवायचा म्हणून. तो वाजला असता तर तुमच्या नवऱ्याला काही झालं नसतं."

कुणी आमेन म्हटलं नाही. बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. काकू म्हणाल्या, "भाऊ, मी तुमच्यासाठी तीन दिवस उपास केलेला." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काका खाटेवरून म्हणाले, "मला माहीत होतं. मला पण तो आवाज नकोच होता." पण काकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपण चहा न घेता निघालो. रस्त्यात मम्मी मोठ्याने रडत म्हणाली, "देवाला माहीत होतं ना सगळं? मग माणसांना कशाला सांगायला गेलात?" तुम्ही म्हणालात, "देवाला सांगायला काही ताकद लागत नाही गं." आणि मग माझ्याकडे वळून, जरा रागानेच, "जीव वाचव म्हणून सगळेच मागतात. तू खरं बोलायची ताकद माग." मला तो अन्याय वाटला. खरं तर मीच बोलले होते आणि थप्पडही मीच खाल्ली होती.

बातमी कंपनीत पोचायला दोन दिवस लागले. हार घालणाऱ्यांनीच तुम्हाला काढलं. मग कोलशेतला एका गोदामावर तुम्ही वॉचमन म्हणून लागलात, बारा तास, खाडीचे डास खात. आपल्या घरात त्या नाताळला करंज्या झाल्या नाहीत. मम्मी तुमच्याशी कामापुरतं बोलायची. आणि तरी तुम्ही रोज पहाटे गुडघे टेकून प्रार्थना करायचात, तशीच, पूर्वीइतकीच लांब. मला तुमचा राग यायचा. ज्याच्यापायी सगळं गेलं त्याच्याचपुढे हा माणूस परत वाकतो कसा? चारेक महिन्यांनी एका दुपारी काकू आल्या. काही न बोलता मम्मीच्या शेजारी बसल्या आणि तिच्या परातीतले तांदूळ निवडायला लागल्या. तुम्ही कामावर होतात. तुम्हाला संध्याकाळी सांगितलं तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात.

विश्वास माणसाला उभं ठेवतो हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. तुमचा जावई महासाथीत गेला तेव्हा प्लास्टिकचे कपडे घातलेल्या चार अनोळखी माणसांनी त्याला मातीत ठेवलं. मी फाटकाबाहेर. गाणं नाही, पाळक नाहीत. मी एकटीने तिथे रस्त्यावर मोठ्याने प्रार्थना केली, रिक्षावाले बघत होते, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला डबा करून दिला. ती ताकद माझी नव्हती, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. दुःख सोसायला देव मला पुरला. म्हणून मी समजत होते की मी तुमची मुलगी आहे.

आता कालचं सांगते. रिअ‍ॅक्टर जास्त तापला तर एक सायरन वाजतो आणि सगळं आपोआप बंद पडतं. ते नीट चालतं का हे बघून मी सही करायची असते. मी बघायला गेले तर त्याची वायर काढून ठेवलेली. ऑपरेटर हसत म्हणाला, "मॅडम, तो येडा झालाय, थंड असताना पण बोंबलतो. बायपास मारलाय." मॅनेजर म्हणाले, "मॅडम, नवीन सेन्सर मंगळवारी येतोय. सोमवारी बॅच घ्यायलाच लागणार. आपण तिथे एक माणूस उभा करू, तो तापमानाचा काटा बघत राहील. तुम्ही एवढं ताणू नका." मी म्हटलं, टेस्ट केल्याशिवाय कशी सही करू? ते काही रागावले नाहीत. माझ्या मुलीचं नर्सिंगचं कितवं वर्ष चालू आहे, एवढंच विचारलं. ऑपरेटर म्हणाला, "अहो मॅडम, तुमचा येशू आहे ना वर, काय होत नाय." आणि मी काय केलं माहीत आहे? मी डोळे मिटले, मनात प्रार्थना केली आणि सही केली. टेस्ट केली, ठीक आहे, असं त्या कागदावर माझ्या अक्षरात लिहिलंय.

ती प्रार्थना काय होती हेही सांगून टाकते. कुणाला काही होऊ नये, अशी नव्हती. माझं नाव येऊ नये, अशी होती.

आज सकाळी चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? मी उठायला नको होतं. पण मी दरवर्षी या महिन्यात उठते, सगळे माझ्याकडे बघायलाच लागले. वर्षभरात आमच्या कंपनीत एकही अपघात झाला नाही, देवाने राखलं, असं मी म्हणाले. टाळ्या पडल्या. माझी जीभ जराही अडखळली नाही पप्पा, तुमचा निदान आवाज तरी भरून आला होता. बाहेर चपला घालताना एक बाई जवळ आली, महिला मंडळात असते, कल्याणहून येते. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, "सलाम ताई. आमचे मिस्टर उद्यापासून तुमच्याच कंपनीत लागलेत, सकाळच्या पाळीला. कसलासा काटा बघत उभं राहायचं काम आहे म्हणे. केमिकलचं नाव काढलं की मला झोप येत नाय. पण तुम्ही आहात म्हटल्यावर मी निर्धास्त आहे." मी हसले. देव बरं करो म्हणाले. घरी येताना माझा तो हात गार पडला होता, अजून तसाच आहे.

मॅनेजरना फोन करून सही मागे घेते म्हणावं, एवढं सोपं काम आहे. पण मी स्वतःला ओळखते. ते शांतपणे मला समजावतील आणि मी समजून घेईन. म्हणून आधी तिला फोन करायचा. नवऱ्याला उद्या पाठवू नका, आणि का नको ते, सगळं. तिला सांगितलं की मग माझ्याकडे मागे फिरायला जागा राहणार नाही. त्या दिवशी तुम्ही पाळकांना सोडून काकूंकडे का बघितलंत, ते मला आज कळतंय. मम्मीने तुमचा शर्ट धरला तसा माझा पदर धरणारंही आज घरात कुणी नाही. महिला मंडळाच्या यादीत तिचा नंबर आहे. यादी समोर टेबलावर आहे.

साडेचार झाले. तिच्या घरात आता उद्याच्या डब्याची तयारी चालली असेल. हा कागद कुठे जायचा नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. तुमच्या आठवणीने लिहायला बसले असं कुणीही म्हणेल, मीही म्हटलं असतं. पण खरं सांगते पप्पा, मी लिहितेय कारण लिहीत असेपर्यंत फोन करावा लागत नाही.