विमानातली घड्याळे

नाशिक, २४ फेब्रुवारी १९८०

चि. लतास मंगलाआत्याचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

सात वर्षांनी माझे अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी आजारी नाही. मुद्द्याचे लिहिते.

सूर्यग्रहणानिमित्त आमच्या वाचनालयाने विज्ञानाची मासिके मांडली होती. एका लेखात सापेक्षतेचा सिद्धान्त प्रयोगांत कितपत टिकला ते दिले होते. १९७१ साली अणुघड्याळे साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली पुढे गेली. फरक सेकंदाच्या अब्जांशात, पण गणिताशी जुळणारा. पुढे १९७६ साली रॉकेटमधून घड्याळ वर नेले, तेव्हाही जुळला. लेख दोनदा वाचला.

१९७३ च्या शाळांच्या प्रदर्शनात तू हेच मांडले होतेस आणि मी परीक्षक होते. तुझ्या तक्त्यावर मी लाल शाईने 'कपोलकल्पित' लिहिले. निफाडच्या सगळ्या मुलींसमोर सांगितले, की हे कोणी मोजलेलेच नाही. तू विज्ञान सोडलेस. तुझ्या वडिलांनी, माझ्या सख्ख्या दादाने, त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे टाकले.

कॉलेज सुटल्यापासून या विषयावर मी एक पान वाचले नव्हते. शिकवत मात्र होते. लाज वाटते. माफी मागते.

घोटीच्या पोस्टातले काम कसे आहे? तिथला भात खाऊन लठ्ठ झाली असशील. लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझी आत्या
मंगला


घोटी, २ मार्च १९८०

ती. आत्यास सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र पोचले. शिक्का मीच मारला आणि काउंटरखाली बसून वाचले. पोस्टमास्तर यादवसाहेबांनी विचारले, की तिकिटे विकायची आहेत का रडायचे आहे. लठ्ठ झालेली नाही.

आत्या, माफी मागू नकोस. घड्याळांची गोष्ट मी शेजारच्या रेडिओवर अर्धीमुर्धी ऐकली होती. आकडा ऐकलाच नव्हता. तक्ता रिकामा दिसेल म्हणून मी मनाने 'सतरा मिनिटे' लिहिले. तुझी लाल शाई पाहिली तेव्हा वाटले, आत्याने चोरी पकडली. म्हणून पळाले.

घरी फक्त एवढेच सांगितले, की आत्याने मला सगळ्यांसमोर खोटे पाडले. दादा भडकले. तुझ्या शाळेत येऊन तुला काय काय बोलले ते नंतर कळले. तेव्हाही मी गप्प राहिले. गेल्या वर्षी माझ्या लग्नाच्या बोलणीला आई तुला बोलवू म्हणाली, तर दादांनी ताट सरकवले. मी तिथेच वाढत होते.

तुझ्यापेक्षा माझी लाज मोठी आहे. तरी रागावून का होईना, लिहीत राहा.

तुझी
लता


नाशिक, ७ मार्च १९८०

चि. लतास सप्रेम जयभीम.

सतरा मिनिटे! एवढा फरक पडता तर मुंबईहून आलेल्या विमानाला कोणी उतरू दिले नसते. तुझे गणित पहिल्यापासून वाईट.

पण ऐक. तो आकडा मी पाहिलाच नव्हता. पाहिला असता तर त्याच्यावरच बोट ठेवले असते, आणि ते माझे कामच होते. मी पाहिले ते तक्त्याखालचे आडनाव. माझेच. शेजारच्या खुर्च्यांवर दुसरे दोन परीक्षक होते. आपल्यातल्या मुलीला हिने नंबर दिला असे ते म्हणतील, या धास्तीने मी तक्ता वाचण्याआधीच शाई उघडली. तुझ्या वडिलांनी तेव्हा शाळेत येऊन मला हेच विचारले होते, की लोकांना भिऊन पोरीला मारलेस ना. मी त्यांना शिपायाकरवी बाहेर काढले. बाहेर काढल्याचे त्यांनी तुम्हाला सांगितलेले दिसत नाही. तसाच आहे तो.

रविवारी सकाळच्या एसटीने निफाडला जाते आहे. दादाने दार लावले तर ओट्यावर बसेन. माझे मी सांगेन. तुझ्या सतरा मिनिटांचे मी काही बोलणार नाही, ते सांगायला तू ये. घोटीहून निघालीस तर दुपारपर्यंत पोचशील.

नाही आलीस तरी लोभ आहेच.

मंगला