पाटे नसलेली गाडी

आबा, गेल्या सोमवारी मी नुकत्याच आलेल्या एका नव्या पिकअपखाली वाकले आणि तिला पाटेच नव्हते. मी शोरूमच्या फरशीवर गुडघे टेकले, मोबाईलचा उजेड पाडला, दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा बघितलं. मागच्या चाकांपाशी कारला असतात तशा वेटोळ्या स्प्रिंगा होत्या, बाकी काही नाही. मालाचा भार ज्यांनी पेलायचा त्या एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्याच नाहीत आणि नाव मात्र पिकअप. उभी राहिले आणि गुडघे झटकले. बाजूचा सेल्समन म्हणाला, काय हरवलं का?

तुम्ही असतात तर तुम्हीही वाकला असतात. आपल्याकडे गाडी बघायची म्हणजे आधी खाली बघायचं. दर रविवारी आपल्या पाली गावात घरासमोर तुम्ही गाडी धुवायचात आणि मी पोतं अंथरून तिच्याखाली सरकायचे, कारण मी बारकी होते आणि मला आतपर्यंत दिसायचं. तुम्ही वरून विचारायचात, "नऊच्या नऊ हायती का गं? तडा न्हाई ना गेला कुठं?" मी एकेका पाट्यावर बोट टेकवत मोजायचे आणि ओरडून सांगायचे, हायेत. कंपनीचे सात होते, दोन मांजरसुंब्याच्या मिस्त्री चाचांनी वाढवलेले. ते दोन घातले तेव्हा चाचा हात पुसत म्हणाले होते, "दो पाटे डाल दिये, अब हत्ती बिठाव." तुम्ही किती हसला होतात. धान्याच्या मोंढ्यात वीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाची स्वतःची गाडी होती ती, जुनी घेतलेली का असेना.

आता इथे बीडला मी गाड्या समजावून सांगायचं काम करते, वर्ष झालं. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. जे लोक ही नवी गाडी बघायला येतात ते वाकत नाहीत. दार उघडतात, आत बसतात, स्क्रीन किती मोठी ते बघतात. चार दारं, आत पाच माणसांची ऐसपैस जागा, आणि मागे मालाचा हौदा उरलाय जेमतेम खाटेएवढा. त्यावरही झाकण बसवून कुलूप लावून घेतात. ती आली त्याच आठवड्यात रस्त्याची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदाराला मी भाबडेपणाने विचारलं, मागे काय नेणार. तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, मागं काय न्यायला घेतं का कुणी?" म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. माल न्यायला आता गॅसवरच्या, विजेवरच्या छोट्या गाड्या फोन केला की दारात येतात. तुमच्या गाडीसारख्या गाड्या मागच्या आवारात रांगेने उभ्या आहेत, बदल्यात आलेल्या. मी रोज त्यांच्या शेजारून डबा खायला जाते आणि मान दुसरीकडे वळवते.

नोकरीला लागले त्या आठवड्यात ट्रेनिंग झालं होतं, तिथे जे कळलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही. शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. लहान आकडा म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. मोठा आकडा म्हणजे गाडी आणि माल धरून सगळं वजन. मोठ्यातून लहान वजा केला की जे उरतं तेवढाच माल. मग ते सहज म्हणाले की तुमच्या भागात पाटे वाढवतात, त्याने गाडी मागून दबत नाही, म्हणून ड्रायव्हरला वाटतं सगळं ठीक आहे. पण ब्रेक वाढत नाहीत. ते उतारावर कळतं. बाकीचे लिहून घेत होते. माझं पेन थांबलं ते थांबलंच. मी सातवीत होते, आबा, मांजरसुंब्याच्या घाटात कांद्याच्या गोण्यांखाली तुम्ही सापडलात तेव्हा. सगळे म्हणाले ब्रेक फेल. आई अजून ब्रेक बनवणाऱ्यांना शिव्या देते. मीही देत होते.

त्या सोमवारीच दुपारी घाटनांदूरकडचे एक मामा मुलाला घेऊन आले. मामांची जुनी पिकअप द्यायची आणि मुलाच्या हट्टाखातर ही चार दारांची घ्यायची, असं घरी ठरलेलं. मामांचा सीताफळाचा मळा आहे, हंगामात रोज फळ बाजारात न्यायचं. मुलगा स्क्रीनवर गाणी लावून बघत होता. मामांनी मला बाजूला घेतलं. "बाई, मला वाचता येत न्हाई. किती ओढती ते कागदात बघून सांग." मी बघितलं, अक्षर न् अक्षर खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती मान मी ओळखते. कागदावरचं वजन आरटीओच्या साहेबासाठी, पाट्यावरचं आपल्यासाठी, असं म्हणणाऱ्याची ती मान. मला तिथेच बोलायला हवं होतं. पण त्यांनी विचारलेलं मी सांगितलं होतं, खोटं काही बोलले नव्हते, असं म्हणत मी चार दिवस काढले.

शुक्रवारी गाडी न्यायला ते सगळे आले. बायको, सून, दोन नातवंडं. चाकाखाली लिंबं ठेवली, हार घातला, मॅनेजर पुठ्ठ्याची मोठी किल्ली घेऊन फोटोसाठी उभे राहिले. मामा नारळ हातात घेऊन माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पाटे इथंच वाढवून देता का जाताना मांजरसुंब्याला घालू?"

मी मामांना म्हणाले, वाका माझ्याबरोबर. आम्ही दोघं खाली वाकलो. मी त्यांना वेटोळ्या दाखवल्या. इथे पाटे नाहीत, वाढवता येणार नाहीत, कागदात आहे त्याच्यावर एक गोणीसुद्धा टाकायची नाही, आणि घरची पाच माणसं बसली की त्यातलंही कमी होतं. मुलगा वरून म्हणाला, "मॅडम, तुम्ही गाडी विकायला बसलाय का मोडायला?" मॅनेजरांनी पुठ्ठ्याची किल्ली खाली केली. मामा उठले. त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं.

"चार दिस आधी कावून न्हाई सांगितलं?"

मी म्हणाले, तुम्ही विचारलं तेवढं मी सांगितलं होतं.

"काय इचारायचं ते ठावं असतं तर इचारलं नसतं का, बाई?"

ते पायरीवर बसले. मग खिशातून जुन्या गाडीचं आरसी बुक काढून माझ्यापुढे धरलं. हिचं वाच म्हणाले. मी दोन्ही आकडे वाचले, कुठला कशाचा ते सांगितलं, वजाबाकी करून दाखवली. ते बोटांवर सीताफळाचे क्रेट मोजत राहिले. मोजता मोजता थांबले आणि नातवंडांकडे बघितलं. "ही पोरं बसत्यात मागं, मालावर," एवढंच म्हणाले. नवी गाडी मुलगा घेऊन गेला. मामांनी जुनी द्यायचं रद्द केलं आणि ती हळू हळू चालवत स्वतः नेली. नातवंडांना नव्या गाडीत बसवलं. मॅनेजरांनी मला सोमवारी केबिनमध्ये बोलावलंय.

त्याचं एवढं भय नाही मला. भय त्या आरसी बुकाचं आहे. तुम्ही गाडी आणली त्या दिवशी मी चौथीत होते. ओट्यावर शेजारीपाजारी जमलेले, तुम्ही असंच बुक माझ्यापुढे धरलंत आणि सगळ्यांना म्हणालात, माझी पोरगी इंग्रजी वाचती. मग मला विचारलंत, "किती माल घालता येतो गं?" दोन आकडे होते. मी मोठा वाचला. तुम्ही तो पोत्यांत मोजलात, खूश झालात, आणि दुसऱ्याच दिवशी चाचांकडे जाऊन तेवढ्या पोत्यांसाठी दोन पाटे वाढवून घेतलेत. तुम्ही तसंही भरलंच असतंत, सगळेच भरतात, असं मी स्वतःला सांगते. त्या मामांना पायरीवर बसलेलं बघितल्यापासून तेही सांगता येत नाही.

हा कागद मी टेबलाच्या खणात ठेवणार आहे. आईला वाचून दाखवायचा विचार होता, पण तिलाही वाचता येत नाही, ती माझ्या तोंडाकडे बघून ऐकते, मधलं काही गाळलं तर तिला कळेल. आबा, त्या आकड्यांपुढे काय लिहिलं होतं ते मला त्या दिवशी वाचता आलं नव्हतं. येत नाही म्हणायची मला लाज वाटली.