ओकामुराबाईंचा डबा

कात्रप, बदलापूर (पूर्व)
१८ मार्च १९९३

ती. कुमुदवन्संना मालिनीचा नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची सूज उतरली असेल, रोह्याला उकाडा आमच्याइतका नसेल आणि माझं अक्षर ओळखून तुम्ही चष्मा पुन्हा पुसत असाल, असं धरून चालते. (दिवाळीच्या कार्डाखेरीज मी तुम्हाला दोन ओळी खरडत नाही, हे तुम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगितलंत. माझ्यापर्यंतही पोचलं.) इकडे तब्येती बऱ्या. बाकी काहीच बरं नाही. येत्या आठवड्यात माझ्या घरातून एक डबा रिकामा जाणार आहे, आणि त्यानंतर तोंड दाखवायला मला जागा नाही.

त्याचं असं झालं. पावसाळा संपता संपता आमच्या वरच्या मजल्यावर एक जपानी जोडपं राहायला आलं. नवरा अंबरनाथच्या कुठल्याशा कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला इंजिनिअर. बायको ओकामुराबाई, माझ्याहून थोड्या लहान. इंग्रजी बेताचं, पण आहे तेवढं नम्र. (आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी त्यांना वर्तणुकीत पहिलं बक्षीस दिलं असतं. मला कधी दिलं नाही.) तुमच्या बंधूंना शेजारधर्म नेहमी माझ्या जिवावर आठवतो. त्यांनी पहिल्याच दिवशी मला डबाभर पोहे वर पाठवायला लावले.

डबा परत आला तो भरून. आत ओयाकी. बाईंचं माहेर नागानोच्या डोंगरात. तिथे भात फारसा पिकत नाही, म्हणून कणकेत वांगं नाहीतर भोपळा भरून तव्यावर भाजतात, मग वाफवतात. वन्सं, मी उभ्याउभ्याच खाल्ल्या, बसायचं सुचलं नाही. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे लग्न झाल्याझाल्या तुम्हीच मला चारचौघांत शिकवलं होतं. म्हणून मी कॅरॅमल कस्टर्ड पाठवलं आणि समजले, संपलं. पण तिकडेही रिकामा डबा परत करत नाहीत! एवढ्या मोठ्या पृथ्वीवर हा रिवाज पाळणाऱ्या दोन बायका, आणि त्या नेमक्या एकाच जिन्यावर.

मग आली नागोयाची उइरो. तांदळाची पिठी आणि साखर वाफवून कापलेल्या गुळगुळीत वड्या, दाताला हलकी ओढ देणाऱ्या. तुमच्या बंधूंनी ढोकळा समजून वर हिरवी चटणी घेतली. त्यानंतर सेंदाईची झुंदा. ती हिरव्या सोयाबीनची करतात, इथे ते मिळेना, म्हणून बाईंनी मटार वाटून, साखर घालून तांदळाच्या गोळ्यांवर लिंपले होते. मला वाटलं, मटारच्या उसळीत मुटके सोडलेत. मी वरून मोहरी-हिंगाची चरचरीत फोडणी दिली. नेमक्या बाई खाली उतरल्या. वाकून म्हणाल्या, "इंडियन स्टाइल?" मी म्हटलं, "येस." त्यांनी चाखलं आणि ओट्याशीच पुन्हा मागून घेतलं. मी याला सभ्यता म्हणते. तुमचे बंधू म्हणतात, बिचारीनं हसू गिळलं.

कस्टर्ड, मार्बल केक, बिस्किट पुडिंग. एवढ्यावर सिस्टर्सनी दिलेली विद्या संपली. वर तुमच्या बंधूंचं भाष्य: "अगं, ती तुला तिच्या गावोगावचं खिलवतेय आणि तू तिला विलायत पाठवतेस? आपलं काही येतं का तुला?" मी पुरणपोळी केली. ती तव्यावरून हप्त्याहप्त्यानं उतरली. मोदक केले. ते कळ्या पाडायच्या आधीच रडायला लागले. शेवटी होळीला उल्हासनगरला जाऊन सिंधी मिठाईवाल्याकडून घीयर आणलं (म्हणजे जिलबीच, पण ताटाएवढी), मोडून डब्यात कोंबलं आणि 'होममेड' म्हणून मोकळी झाले. दुसऱ्या सकाळी बाई अॅप्रन बांधून दारात. "प्लीज टीच." मी म्हटलं, शिकायला वर्षं लागतात. तुमचे बंधू आतून ओरडले, "वर्षं कसली? उल्हासनगरची गाडी लागते!" नशीब, मराठीत ओरडले.

आणि आता ओकामुराबाई कायमच्या जपानला निघाल्यात. काल माझा डबा शेवटचा भरून आला, कागोशिमाचं कारुकान घालून. तिकडे रानातला कंद किसून तांदळाच्या पिठीत फेटतात आणि वाफवतात. पांढरंशुभ्र होतं म्हणे. बाईंनी बारवी धरणाकडून येऊन बाजारात भाजी विकणाऱ्या नवसीकडून कोनफळ घेतलं, त्यामुळे आमचं जांभळं झालं. इतकं हलकं, इतकं लुसलुशीत, की मला रडू आलं. आज नवसी मला भर बाजारात म्हणते, "त्या बायनं मना बी दिला खायाला. आता तू काय देशील तिला?"

तीस वर्षं नोकरी केली, तीन साहेब वठणीवर आणले. पण एका डब्यापुढे मी हरले, वन्सं.

तुमची,
मालिनी

ता. क. तुमच्याकडे अनारशाचं पीठ मुरलेलं असतंच. ते घेऊन बुधवारपर्यंत याल का? (तुमच्या अनारशाला जाळी पडते, माझ्या पडत नाही, हे आपल्या दोघींना ठाऊक होतं. मागे लग्नाच्या मांडवात तुम्ही ते बाकीच्यांना सांगायचं कारण नव्हतं.) आम्ही तळमजल्यावर, गुडघ्याला त्रास नाही. थापणं, तळणं तुमचं. मी खसखस पसरून देईन आणि मध्ये बोलणार नाही.

ता. क. २. तुमचे बंधू म्हणतात, एवढं काय, डबा घासून आठवण म्हणून तसाच देऊन टाक. मी त्यांच्याशी बोलत नाही.

ता. क. ३. हे कोणाला वाचून दाखवू नका. हा माझा डबा मी बाई टॅक्सीत बसल्यावरच हातात देणार आहे. तेव्हा त्यांना तो उलट भरून द्यायला वेळच उरणार नाही, तो त्यांच्याबरोबर जपानला जाईल. आणि रिकामा डबा ठेवून घेणं त्या बाईला जन्मात जमायचं नाही. तो परत करायला कधीतरी तिला कात्रपला यावंच लागेल. तेवढे अनारसे नीट तळा, वन्सं.