माझ्यामागे काटेरी माशाची सोय

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल वाचणाऱ्याची माफी मागतो. वकिलांनी गणपतीतच सांगितले होते. मी उद्या-उद्या करत राहिलो. असला कागद घेऊन बसले की छातीत धडधडते, आणि धडधडते म्हणूनच तर तो लिहायचा होता.

मी लवू धर्मा तांडेल, मूळ गाव भाईंदरच्या किनाऱ्यावरचे चौक, हल्ली बेव्हर्ली पार्क, मीरा रोड येथे एकटा राहणारा, शिक्षण सातवीपर्यंत, बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावले नाही, भरीला घातले नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. ते सगळ्यांनाच तसे म्हणत असणार.

१) खोली. पत्नी हौसाबाई वारल्यापासून राहती खोली माझ्या एकट्याच्या नावावर आहे. आम्हाला मूलबाळ नाही. ती माझा धाकटा भाऊ जयकुमार याची पत्नी सरूबाई हिला द्यावी. जयकुमारला नाही. वडिलांची होडी त्याला मिळाली ते बरोबरच झाले, मला बोटीत उलट्या व्हायच्या. पण वडिलांचे घड्याळही त्यानेच ठेवले, आणि ते घालून तो खाऱ्या पाण्यात हात घालतो. एवढे लिहून तो विषय मी सोडला. मोरीतला नळ जोरात फिरवू नये, आटे गेले आहेत.

२) बँकेतली शिल्लक. आधी माझे अंत्यविधी, मग लाईटबिल. खाली सांगितलेला मासा येथून दुसरीकडे नेईपर्यंत लाईट कापू देऊ नये, नाहीतर हवेचा पंप बंद पडेल. उरेल ते सरूबाईचे.

३) मासा. हा मोठा विषय आहे, दमाने वाचावा.

हौसा गेल्यानंतरच्या नारळी पौर्णिमेला मी चौकला होडीच्या पूजेला गेलो होतो. पहिल्या जाळ्यात जवळ्याबरोबर एक बोटभर मासा आला, अंगावर तांबडे पट्टे आणि पाठीवर पिसाऱ्यासारखे काटे. जयकुमारने जाळे झाडताना त्याचा काटा हातात घुसवून घेतला. हात बघता बघता सुजला. त्याने माशावर पाय उचलला आणि मी मासा बादलीत घेतला. त्यावर सगळ्या गावासमोर तो म्हणाला, "माझा हात सुजलाय न् तू त्याला बादलीत घालतस? तुझा भाऊ तो हाय का मी?"

येथे नोंद करतो की मी आधी सरूबाईला त्याच्या हातासाठी गरम पाणी आणायला सांगितले आणि नंतर बादली उचलली. जयकुमार हे उलट्या क्रमाने सांगतो. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, फोन घेत नाही.

मासा आता वीतभर झाला आहे. माशांच्या टाक्या विकणारा दुकानदार त्याला लायनफिश म्हणतो. टाकीत हात घालू नये, काट्यात विष असते. तो मेलेले खात नाही, हललेले खातो. म्हणून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, खराट्याच्या हिराला टोचून त्याच्यासमोर हलवावी लागते. तो आधी पिसारा पसरतो, कोपऱ्यात कोंडतो, मग एकदम तोंड उघडतो. एक दिवसाआड द्यावी. रोज मागतो, देऊ नये. सोबत म्हणून मी दोन छोटे मासे आणून सोडले होते, ते सकाळी नव्हते. आता तो एकटाच असतो. मी ताट घेऊन टाकीसमोर बसलो की काचेपाशी येतो. मला बघून येतो की करंदीसाठी, हे मी ठरवलेले नाही.

पाण्याचे सांगतो. टाकीतले पाणी आटले की मी समुद्राचेच वरून घालत होतो. मासा आडवा पडला. केबिन रोडचा दुकानदार म्हणाला, "चाचा, पानी उड़ता है, नमक थोड़ी उड़ता है।" भाईंदरच्या मिठागरांशेजारी जन्म गेला आणि हे मला परक्या माणसाने सांगावे लागले. आटलेल्याच्या जागी गोडे पाणी घालावे, बदलायचे तेव्हा खारे. जयकुमार हीच चूक करणार, कारण आम्ही एकाच घरचे आहोत.

बदलायचे खारे पाणी चौकहून कॅनमध्ये येते, रिक्षावाला आणतो. सरूबाई म्हणते, "दादा, मीच भरून धाडतंय. त्यांना ठावं न्हाय." सरूबाई कधी होडीत बसली नाही. किनाऱ्याचे पाणी गढूळ असते, कॅनमधले आतल्या समुद्रातले, स्वच्छ असते. आणि कॅनच्या झाकणाला जाळ्याच्या दोऱ्याची गाठ असते, वडिलांनी आम्हा दोघांना शिकवलेली. ती मी कापत नाही, सोडवतो.

म्हणून मासा, टाकी, पंप, हीर आणि माझा बर्फ ओढायचा आकडा जयकुमारला द्यावा. खोलीला माशाची अट घालता येईल असे वकील म्हणाले. मी घातलेली नाही. जबरदस्तीने कोणी जीव सांभाळत नाही.

४) शेजारी हितेशभाई यांना काही देता येत नाही, कारण ते साक्षीदार आहेत. माझी छत्री त्यांच्याकडे आहे, ती त्यांनी परत करू नये. मी दवाखान्यात असताना पंप बघायचे त्यांनी कबूल केले आहे. म्हणाले, "लवूभाई, लाइट मैं देख लूँगा। झींगा मेरे हाथ से नहीं होगा, धरम का सवाल है।" ते खरे बोलले, माझा राग नाही.

ठिकाण: मीरा रोड. दिनांक: १५ मे २०२५.

सही: लवू धर्मा तांडेल

साक्षीदार: हितेश शहा, शेजारी (सही). मृणालिनी सावे, सोसायटीच्या सेक्रेटरी (सही).

सहीच्या खालचे कायदा धरत नाही, असे हितेशभाई सांगतात. म्हणून हे कायद्यासाठी नाही.

जयकुमार, मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात, पण माशाला तेवढा दम निघणार नाही, म्हणून नक्कल आजच रिक्षावाल्याकडे देतोय. सोमवारनंतर त्याला करंदी दाखवायला कोणी नाही. जूनला होड्या वर ओढल्या की पाणीही नाही. माझे काय होईल ते होईल, मी परत आलो तर तो तुझ्याकडेच राहू दे, मी बघायला येत जाईन. बोलायचे नसेल तर बोलू नकोस. नेणार असशील तर या खेपेच्या कॅनला एकाऐवजी दोन गाठी मार. गाठी मी बघतो, पहिल्यापासून बघतोय. रविवारच्या आत कळव.