मामांच्या विनोदाचं अपील

तीर्थरूप मामांना भाचीचा नमस्कार, तोही ऑफिसच्या वेळेत चोरून. गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. बोलू नका असंही सांगितलं असतं तर सगळ्यांचं भलं झालं असतं. तुमची लेक, म्हणजे आमची ताई, मैत्रिणीकडे गेल्यामुळे चहाचे हाल होतात, हेही तुमच्या तिसऱ्या फोनवरून कळलं.

पुन्हा सांगते, तुम्ही फोनवरून जिथे विनोद टाकता ती कंपनी माझी नाही. लोक जे लिहितात ते वाचायचं आणि ज्यात कुणाची जात, रंग, शरीर काढलंय ते उडवायचं, एवढंच माझं काम. (आई शेजारी ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणून सांगते. खरं तर झाडूकाम आहे.) दिवसभर शिव्या वाचते, आणि प्रत्येक शिवीवाला म्हणतो, गंमत केली हो. वीज गेली की सावळ्या सुनेला हसायला सांगावं, म्हणजे अंधारात सापडते, हा तुमचा विनोद मी उडवलेला नाही. नातेवाइकांचं आम्हाला हाताळता येत नाही. तो शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी उडवला आणि हा टोणगा कोण असेल, असं मलाच विचारलं. मी पाणी प्यायले. (घराण्याची अब्रू.)

तिथे मिटलं असतं. पण तुम्ही अपील केलंत. माणूस स्वतःवर हसला तर चालतं, हा नियम मीच तुम्हाला सांगून बसले होते. तुम्ही लिहिलंत, आमची मुलगीच सावळी आहे, तेव्हा विनोद घरचाच. आणि पुरावा म्हणून ताईचा फोटो जोडलात.

मामा, अपिलं आमच्याकडे सगळ्यांनी मिळून बघायची पद्धत आहे. फोटो भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लागला. ताई पुरेशी सावळी आहे का, यावर पगारी माणसं विचार करत होती. एकाने दिवा मालवून बघू का म्हणून विचारलं. मग मी उभी राहिले आणि म्हणाले, “ही माझी मामेबहीण आहे.” त्यानंतर कुणी पडद्याकडे पाहिलं नाही. अपील फेटाळलं. विनोद परत येणार नाही.

तुमचीच, नाइलाजाने,
भाची

ता. क. ताई मैत्रिणीकडे नाही, माझ्याकडे आहे. तुमच्या विनोदाविरुद्धची मूळ तक्रार तिचीच. तुम्हाला हे कळवायला तिनेच सांगितलं. तिचा चष्मा घरी राहिलाय. कुरिअरने पाठवू नका, स्वतः घेऊन या, आणि तिच्याशी काय बोलायचं ते वाटेत ठरवा.

आणखी एक. पत्र तिला वाचून दाखवलं. मग म्हणाली, “फोटो तरी बरा निवडायचा.”