वहीतले फुलबॅक

सर, आपल्या जिल्ह्यातल्या कोंढ्याची एक पोरगी फुलबॅक खेळते. अठरा-एकोणीसची असेल. तिला पाहिल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटून राहिलं आहे, आणि तुम्हाला जाऊन तर पाच वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी नागपूरला मंडपाच्या कामावर होतो. त्याआधी ट्रकवर होतो, त्याआधी रायपूरकडे बोअरवेलच्या गाडीवर, ते जाऊ द्या. हॉकीच्या टर्फजवळ पाहुण्यांच्या खुर्च्या लावायच्या होत्या. अर्ध्या लावल्या आणि मी जाळीला चिकटलो. पहिलाच बॉल तिच्या स्टिकखालून गेला, जमिनीला धरून, सरळ, आणि गोल. दुसराही तसाच निघाला, तो गोलकीपरनं पायानं काढला आणि पोरीवर ओरडली, "काहून उचलून राहिली स्टिक?" पोरगी म्हणाली, "उसळंन म्हनून." "हे का तुह्या बापाची बांधी हाये, उसळाले?" जाळीबाहेर मी एकटाच हसलो. पोरगी कोणीकडची आहे हे मला तेव्हाच समजलं. कोंढ्याची, हे नंतर पाणी द्यायला गेलो तेव्हा विचारलं.

कारण आपलं मैदान म्हणजे बांधीच होती ना, सर. धान कापून घरी गेलं की मोहाडीबाहेरचं ते रिकामं शेत, ती बांधी आपली. चारही बाजूंनी मातीचे धुरे, मधे बोटबोट उभी धसकटं. बॉल सरपटत यायचा आणि धसकटाला लागून टुणकन गुडघ्यापर्यंत उडायचा. म्हणून आपल्याकडचा फुलबॅक स्टिक दोन बोटं वर धरूनच उभा राहतो. ते कोणी शिकवत नाही, नडगी शिकवते. तुम्ही शिकवलं ते वेगळंच होतं. एका रविवारी तुम्ही मला घरी नेलं आणि तुमच्या वडिलांच्या हातमागासमोर बसवलं. बुढा विणत होता. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे, खटक खटक. तुम्ही म्हणालात, धोटा आता कोणीकडून निघंल ते निघायच्या आधी सांग. मी धोट्याकडे पाहून पाहून डोळे फिरवून घेतले. "धोट्याकडं कायले पाहतं बे? बुढ्याच्या खांद्याकडं पाहा. खांदा आधी बोलते." खांदा खरंच बोलत होता, दोन-चार वेळा मला बरोबर सांगताही आलं. मग किनारीवर अर्धा मोर विणून झालेला दिसला आणि मी त्याची उरलेली मान कशी येते ते पाहत बसलो. तुम्ही रागावला नाहीत. काकूंना म्हणालात, याले चहा द्या, याचं लक्ष म्हंजे मेंढराचं हाये, जिकडं हिरवं तिकडं.

तर ती पोरगी. गोल झाल्यावर खेळणारी माणसं काय काय करतात ते तुम्हीच दाखवलं होतं. कोणी स्टिक आपटतो, कोणी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ही खाली वाकली आणि टर्फवर पंजा ठेवला. बांधी सुकली की नाही ते आपण हात ठेवून पाहतो ना, तसा. एवढंच. उठली, आणि पुढचा बॉल आला तेव्हा स्टिक जमिनीवर आडवी निजलेली, डावा गुडघा टर्फला घासत. त्यानंतर संपेपर्यंत तिच्या बाजूनं काहीच गेलं नाही, सर. समोरून धावत येणाऱ्या पोरी तिच्यापाशी येऊन बॉल विसरल्यासारख्या पुढे निघून जायच्या आणि बॉल हिच्याजवळ. ती बॉलकडे पाहतच नव्हती. येणारीच्या खांद्याकडे पाहत होती. मुकादमानं शिव्या देत मला खुर्च्यांकडे ओढत नेलं तेव्हा मी त्याला धोट्याचं समजावून सांगत होतो. त्याला वाटलं याला ऊन लागलं.

मला तेव्हा तुमची वही आठवली. लांब, पुठ्ठ्याची, प्रत्येक फुलबॅकला एक पान. तुम्ही म्हणायचे, गोल मारणाऱ्याचा फोटो छापून येते, अडवणाऱ्याचा कोण छापते, म्हणून मीच लिहून ठेवतो. आणि पहिल्याच वर्षाचं लिहायचे. "फुलबॅक पहिल्या वर्षी पाहावा. मंग त्याचं नाव खेळते, तो नाही खेळत." पानावर चारच गोष्टी: स्टिक, पाय, चूक, चूक झाल्यावर. तुमचा लाडका तो जुना, लांब हातांचा, ज्याला पाहायला तुम्ही तरुणपणी धानाच्या ट्रकवर बसून नागपूरला गेला होता. गवतावर वाढलेला, आपल्यासारखीच स्टिक उचलायची सवय, टर्फवर नेला तर ती सवय सोडायला त्याला दोन वर्षं लागली. पण चूक झाल्यावर कोणाकडे बघायचा नाही, जागेवर जाऊन परत उभा. आणि दुसरा तो टर्फवाला, पानठेल्यावरच्या टीव्हीत पाहिलेला, एकोणिसाव्या वर्षीच ज्याची स्टिक जमिनीला चिकटलेली असायची. चूक क्वचित, पण झाली की मान बाकावर बसलेल्या कोचकडे. या दोघांत मोठा कोण यावर आपण किती संध्याकाळी घालवल्या. मी टर्फवाल्याच्या बाजूनं भांडायचो, कारण त्याचे बूट पिवळे होते. तुम्ही कधीच निकाल दिला नाही. म्हणायचे, "दोघाची जमीन येगळी बाबू. आधी जमीन मोज, मंग माणूस मोज." आता ही तिसरी. दोन वर्षांचं काम दोन बॉलमधे. जुन्याची जिद्द आणि टर्फवाल्याची स्टिक एकाच पोरीत. मला वाटलं, हिचं पान वहीत पाहिजे. म्हणून मी परवा मोहाडीला उतरलो.

काकूंनी ओळखलं. केस पिकलेत, बाकी तशाच. माग आता घरात नाही, त्या जागी धानाची पोती आहेत. वही त्यांनी कपाटातून आणली आणि तिच्यासोबत एक काळा दगड. म्हणाल्या, "हा वहीवरच असते. त्यायनं हालवू नाही दिला कधी." तो दगड मीच तुम्हाला दिला होता. आठवतं? ज्या दिवशी भंडाऱ्याला जिल्ह्याची निवड होती. तुम्ही मला तुमची स्वतःची स्टिक दिली होती, मुठीला नवी पट्टी गुंडाळून. संध्याकाळी मी परत आलो आणि म्हणालो, नाही घेतलं, ओळखीचीच पोरं घेतली. आणि हा दगड रस्त्यात सापडला. तुम्ही दगड हातात फिरवून पाहिला, स्टिक परत घेतली नाही, जेवलास का एवढंच विचारलं. पुढे मी शाळा सोडली, गाव सोडलं, स्टिक रायपूरच्या कोणत्या खोलीत राहिली ते मला माहीत नाही. निवडणाऱ्यांनी माझ्यावर अन्याय केला हे मी इतक्या ठिकाणी सांगितलं आहे की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

वहीत कोरं पान शोधत होतो तर माझं पान निघालं. लांब हातांचा, टर्फवाला, आणि त्यांच्यामागे मी. मी, सर. त्या दोघांच्या वहीत. स्टिक: दोन बोटं वर, पण मनगट मऊ, उतरंल. पाय: जुन्यापेक्षा हलके. चूक: भंडाऱ्याला पोहोचलाच नाही, निवडवाल्यायनं नाव पुकारलं तीनदा. म्हणजे तुम्ही जाऊन विचारून आला होता. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, आणि त्यानंतरही दोन वर्षं तुम्ही मला बांधीवर बोलावत राहिलात. असा दगड भंडाऱ्याच्या रस्त्यावर सापडत नाही हे तर तुम्हाला पहिल्याच दिवशी समजलं असेल. आणि त्याखाली चौथी ओळ, चूक झाल्यावर, आणि पुढे काहीच नाही. बाकीच्या सगळ्या पानांवर ती ओळ भरलेली आहे. माझीच कोरी. मी किती वेळ ते पाहत बसलो कोण जाणे, काकूंचा चहा निवून गेला.

मी काकूंकडून पेन घेतला. पोरीचं पान आधी लिहिलं, चारही ओळी, शेवटची सगळ्यात लांब. मग माझ्या पानावर आलो. तुमच्या अक्षराखाली माझं अक्षर म्हणजे मुंग्या पांगल्यासारखं. चूक झाल्यावर: लय उशिरा सांगितलं. वही मिटून तिच्यावर दगड ठेवला. हे पत्र मात्र त्यात ठेवायला नेणार नाही, खिशातच राहील, काकू वाचतील.

निवडीच्या त्या दिवशी मोहाडीच्या स्टँडवर भंडाऱ्याची बस उभी होती, सर, तिच्यात मी चढलोही होतो. समोरच्या बसमधे नाकाडोंगरीचा एक माणूस खिडकीतून कोणाला तरी सांगत होता की तिकडची मँगनीजची खाण इतकी खोल आहे की तळातला ट्रक मुंगळ्याएवढा दिसतो. मी उतरलो आणि त्या बसमधे बसलो. दगड तिथलाच. खोटं नाही सांगत, ट्रक दिसतो तेवढाच.