तुझ्या शोकसभेला तुझीच तिवरं

प्रिय आत्ये,

महाराष्ट्रावर सध्या अन्याय होतोय हे खरं. पण परवा माझ्यावर जो झाला, त्याची कुणी साधी निषेधसभाही घेतली नाही. तुझ्या शोकसभेला नवा पांढरा सदरा घालून दादरहून कोळीवाड्यात आलो, मांडवाच्या खांबाला टेकलो आणि पाठीवर हा एवढा काळा डाग!

पत्र मात्र सदऱ्यासाठी लिहीत नाही. डागाला खाडीच्या चिखलाचा वास येत होता. खांबाची साल नखानं ओरबाडली, तर आत ओली. खाडीच्या खाऱ्या पाण्यातलं झाड, तिवर! आत्ये, तुझ्या शोकसभेचा मांडव तुझीच तिवरं तोडून उभारला होता.

शिसारी आली गं. वर अध्यक्ष गळा काढतायत, "आत्याबाई या खाडीची आई होत्या!" आणि आईची पोरं खाली खांब होऊन उभी.

वडाळ्यामागची खाडी बोडकी झाली होती, आठवतं? बायका तिवर तोडून चुली पेटवायच्या आणि जाळ्यात काही येत नाही म्हणून त्याच चुलीपुढं रडायच्या. तू भर जमातीत उभी राहिलीस. "सरपण पायजे? नवऱ्याच्या खाटंचं पाय तोडा! तिवराला हात लावाल तर माज्याशी गाठ हाय." राखणीला घरटी पाळी लावलीस. मुळांत कोळंबी वाढली, चिंबोऱ्या आल्या. आधी विधवांच्या पाट्या भरायच्या, मग इतरांनी उतरायचं, हाही कायदा तुझाच. धक्क्यावर व्यापाऱ्याच्या शिव्या खात मासळी उचलणाऱ्या बायका लालबागच्या बाजारात स्वतःची मासळी घेऊन ऐटीत बसू लागल्या.

मी मांडवातच कोळीवाड्याच्या पाटलांना गाठलं.

"पाटील, तिवरं तोडली?"

"अरे, बांबू म्हाग झालेत. आन् आत्येच्याच कामाला लागली ना? तिला कशाला वाईट वाटंल?"

"आणि उरलेली?"

"ती हायत की! आयतवारी संयुक्त महाराष्ट्राची सभा हाय, कमानीपुरती थोडी लागतील."

"मुंबई आमची" ही घोषणा मीही घसा फुटेस्तोवर देतो. मिळायलाच हवी मुंबई! पण तोवर आपणच तिचे हातपाय तोडून मांडवाला लावले, तर हाती काय येणार? धड?

रागावू का थोडं? सगळी राखण एकट्या तुझ्या जिभेवर का ठेवलीस? जीभ थांबली आणि दहा दिवसांत कोयते निघाले. तोडलेल्या बाजूला विधवा चांगुणा चिखल चाचपत होती. पाटी रिकामी. मला म्हणाली, "दादा, आता कुनाला सांगू?"

तिनं मलाच विचारलं, आणि तुझ्या वारसाचं नाव मला त्याच दिवशी कळलं.

हे पत्र खाडीच्या बांधावर बसून लिहितोय. आज रविवार, ओहोटी लागलीय. मघाशी कमानीसाठी दोघं कोयते घेऊन आले होते. मी काय बोललो ते लिहीत नाही, सगळं तुझ्याकडूनच शिकलोय. गेले. कमान बांबूची होईल.

पुढची पाळीही चुकवणार नाही, वचन देतो. मी दादरला राहायला गेल्यापासून आमच्या घराची पाळी तूच बसून काढायचीस, हे मला चांगुणानं आज सांगितलं. तू कधी बोलली नाहीस.

आजची आमच्या घराचीच आहे. भरती येईपर्यंत बसतो.

तुझा भाचा,
बाळा